हव्या त्या रंगाची इलेक्ट्रिक स्कूटर मिळत नाही तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची इलेक्ट्रिक स्कूटर २०२५ च्या दसऱ्याला आली. यायची होती ती गणपतीत. मधले पाच आठवडे मी सांगली, मिरज, कोल्हापूर आणि आजूबाजूच्या तालुक्याच्या गावांतली शोरूम पालथी घातली, कारण मला मोरपिशी रंगच हवा होता आणि त्याच दिवसांत गाड्यांचा तुटवडा होता. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी, शेजारी, नातेवाईक, कुणाचीही गाडी रंगासाठी अडली की फोन मला येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत.

रंगासाठी अडून बसणं चूक आहे असं मला वाटत नाही. लाख-सव्वा लाख मोजून घेतलेली वस्तू पुढची सात-आठ वर्षं रोज सकाळी अंगणात दिसणार असते. फक्त अडायचं कुठे आणि सोडायचं कुठे, हे आधी ठरवलेलं असावं.

तुटवडा नेमका कशाचा असतो? रंगाचा त्याच्याशी काय संबंध?

तुटवडा बहुधा रंगाचा नसतोच. २०२५ चं उदाहरण घ्या. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये जोरकस कायमचुंबक लागतात. निओडिमियम, लोह आणि बोरॉनच्या या चुंबकात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, म्हणजे मोटर तापली तरी चुंबकाची ताकद उतरत नाही. हे चुंबक बनवण्याचं जगातलं बहुतेक काम चीनमध्ये होतं. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर (डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्यांतलीच) आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली, आणि परवाने अडकले. बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैमध्येच इशारा दिला होता की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुढे त्यांच्या चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचा पुरवठा २० ऑगस्टला पुन्हा सुरू झाला, गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधी.

आता रंगाकडे येऊ. महिन्याला हजार गाड्या बनतात तेव्हा कंपनीला सात-आठ रंग काढणं परवडतं. तीनशेच बनणार असतील तर कंपनी हमखास खपणारे रंग आधी काढते : पांढरा, काळा, राखाडी. (हे आकडे समजण्यापुरते.) कारखान्याच्या रंगकाम विभागात रंग बदलायचा म्हणजे फवारणीच्या गन आणि नळ्या सॉल्व्हंटने धुवायच्या, थोडा रंग वाया घालवायचा, वेळ घालवायचा. त्यामुळे एका रंगाची बॅच जितकी मोठी तितकं स्वस्त पडतं. प्लास्टिकचे भाग अनेकदा बाहेरच्या पुरवठादाराकडून रंगूनच येतात. पुढचा एप्रन, बाजूची पॅनेलं, मडगार्ड, आरशांच्या मागच्या टोप्या, असा एका रंगाचा अख्खा संच जुळून आल्याशिवाय गाडी लाइनवर उभी राहत नाही. एक टोपी कमी पडली तरी गाडी अडते.

म्हणजे टंचाईत गाडी मिळते, पण रंगांची यादी आखडते. मोरपिशी, पिस्ता, शेंदरी, डाळिंबी हे आधी गळतात.

खुद्द रंगच संपला, असं कधी झालंय का?

झालंय, आणि मोटारींच्या बाबतीत झालंय. मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर फुकुशिमा प्रांतातला ओनाहामा इथला मर्क कंपनीचा कारखाना बंद पडला. गाडीच्या रंगाला चमचमता झगझगीतपणा देणारं शिरॅलिक नावाचं रंगद्रव्य तेव्हा जगात फक्त तिथे बनत होतं. फोर्डने काळ्या आणि लाल रंगाच्या काही छटांच्या ऑर्डर घेणं थांबवलं, इतर कंपन्यांनाही काही रंग रोखून धरावे लागले. कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर गाडी रुळावर आली. पण आपल्याकडच्या शोरूममध्ये ‘कलर नाही’ म्हणतात तेव्हा कारण इतकं लांबचं क्वचितच असतं. बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की या डीलरच्या वाट्याला त्या रंगाची गाडी आलेली नाही.

‘तुमच्या रंगाची गाडी आठ दिवसांत येतेय’ असं शोरूमवाले सांगतात. विश्वास ठेवायचा का?

चेसिस नंबर, म्हणजे त्या एकाच गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, सांगत असतील तर ठेवा. नसतील तर ती फक्त आशा आहे.

माझ्याबाबतीत जे झालं ते सांगते, म्हणजे लक्षात येईल. शोरूम आणि कंपनी दोन्हींचं नाव मुद्दाम घेत नाही. श्रावणात बुकिंग केलं. पावतीवर ‘मोरपिशी’ असं मीच त्यांच्या पेनने लिहायला लावलं. रोज फोन केला की ‘मॅडम, गाडी निघालीय, ट्रान्सपोर्टमध्ये आहे’. गणपतीच्या तीन दिवस आधी त्यांचा फोन आला, ‘पासिंगसाठी एक ओटीपी येईल, तेवढा सांगा’. का कोण जाणे, मी ओटीपी दिला नाही, तशीच रिक्षा करून शोरूमला गेले. मागच्या गोडाऊनमध्ये एक गाडी फोमच्या शीटमध्ये गुंडाळलेली उभी होती. हँडलला चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने माझं आडनाव. शीटचा कोपरा उचलून पाहिला तर खाली राखाडी.

‘मॅडम, आत्ता हीच आहे, सणाचं अडायला नको म्हणून तुमच्यासाठी ठेवली.’ मी पावती काढून दाखवली. त्यांनी तीच पावती उलटी केली आणि मागच्या बारीक छपाईत बोट ठेवलं : ‘रंग उपलब्धतेनुसार’. त्यांच्या बाजूने ते खोटं बोलले नव्हते. आणि मी ओटीपी दिला असता तर राखाडी गाडी माझ्या नावावर झाली असती, मग रंगावरून भांडायला काही उरलं नसतं.

मग बुकिंग करताना काय लिहून घ्यायचं?

पावतीच्या दोन्ही बाजू वाचा. ‘रंग उपलब्धतेनुसार’ हे वाक्य असेल तर त्याच्याशेजारी हाताने लिहून घ्या : ‘ग्राहकाच्या संमतीशिवाय रंग बदलणार नाही. रंग न मिळाल्यास बुकिंग रक्कम पूर्ण परत.’ खाली सही, शिक्का, तारीख. द्यायला खळखळ करत असतील तर त्यांना स्वतःच्याच आठ दिवसांवर भरवसा नाही असं समजा.

रंगाचं नाव कंपनीच्या यादीत आहे तसंच लिहा, जमल्यास कोडसकट. आपण ‘निळा’ म्हणतो आणि यादीत तीन निळे असतात. एकाच राखाडीच्या चकाकणारी आणि मॅट अशा दोन तऱ्हा असतात. माझ्या ओळखीच्या एका काकांनी ‘सिल्व्हर’ सांगितलं होतं, त्यांना फिकट राखाडी मॅट आली. पावतीवर नुसतं ‘ग्रे’ होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

बुकिंगची रक्कम कमीत कमी ठेवा आणि यूपीआयने किंवा चेकने, कंपनीच्या किंवा डीलरच्या खात्यातच भरा. सेल्समनच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : चेसिस नंबर आणि रंग व्हॉट्सॲपवर लेखी आल्याशिवाय पासिंगची कागदपत्रं, आधारचा ओटीपी, चेहरा पडताळणी यातलं काहीही पूर्ण करू नका. तिथपर्यंत पत्ते तुमच्या हातात असतात.

हवा तो रंग शोधायचा कुठे?

मला माझी गाडी एका तालुक्याच्या गावातल्या सब-डीलरकडे सापडली. दीड महिना तिथेच उभी होती. गावात बहुतेक जण पांढरी किंवा काळी मागत होते, मोरपिशीला कुणी विचारत नव्हतं. सांगलीत जिच्यासाठी वेटिंग लिस्ट, ती तासाभराच्या अंतरावर धूळ खात होती. म्हणून पहिला सल्ला हाच : मोठ्या शहराकडे धावण्याआधी लहान गावांकडे वळा. कमी खपाचे रंग डीलरच्या डोक्यावर बसलेले असतात. गाडी कर्जाच्या पैशांत उचललेली असते आणि तिच्यावरचं व्याज त्याच्या खिशातून जात असतं. तुम्ही त्याची अडचण सोडवत असता, त्यामुळे बोलणंही गोडीत होतं.

फोनवर ‘हा रंग आहे का?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘येईल’ असतं. ‘आत्ता, या क्षणी, तुमच्या गोडाऊनमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचे रंग सांगता का?’ असं विचारा. उत्तर द्यायला माणूस उठून बघायला गेला तर ते शोरूम कामाचं.

दुसरी जागा म्हणजे रद्द झालेली बुकिंग्ज. सणाच्या मुहूर्तानंतरच्या चार-पाच दिवसांत कुणाचं कर्ज नामंजूर होतं, कुणी पेट्रोल गाडीकडे वळतं, कुणाच्या घरात दुःखद घटना घडते. अशा वेळी ठरलेल्या रंगाची गाडी अचानक मोकळी होते. सणाच्या आधी नाही मिळाली तर सणाच्या नंतरच्या सोमवारी फोन करा. महिनाअखेरीलाही करा, तेव्हा डीलरला आकडा गाठायचा असतो.

केंद्राचा वाहन डॅशबोर्ड सर्वांसाठी खुला आहे, तो फारसं कुणी बघत नाही. त्यात महाराष्ट्र, मग आपला आरटीओ आणि कंपनी निवडली की त्या महिन्यात किती गाड्यांची नोंदणी झाली ते दिसतं. रंग त्यात नसतो, पण गाड्यांचा ओघ कुठे आहे हे कळतं. तुमच्या आरटीओत महिनाभरात चारच गाड्या नोंदल्या आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यात सत्तर, तर रंगासाठी कुठे फोन करायचा हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली तर पासिंगचं काय? नंबर कुठला येणार?

राज्याच्या आत अडचण नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे आपण राहतो त्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे नोंदणी करता येते. सांगलीच्या माणसाने कोल्हापुरातून गाडी घेतली तर एमएच-०९ नंबर लागला म्हणून काही बिघडत नाही. एमएच-१० च हवा असेल तर बिल करण्याआधी डीलरला स्पष्ट विचारा, काहींची सोय असते, काहींची नसते.

बेळगाव किंवा गोव्यातून आणायची असेल तर काम वाढतं. चंदगड, सावंतवाडीकडच्या लोकांना ती शोरूम जवळची वाटतात हे खरं, पण तिथे तात्पुरती नोंदणी करायची आणि मग आपल्या आरटीओत कायमची, असे दोन टप्पे होतात. राज्याच्या सवलतीचं गणितही बदलतं. फक्त रंगासाठी मी हे करणार नाही.

गाडी घरी कशी आणायची हेही आधीच ठरवा. साठ-सत्तर किलोमीटर असेल तर नंबर प्लेट लागल्यावर आरामात चालवत आणता येते, मी तशीच आणली. दोनशे किलोमीटर असेल तर टेम्पोच बरा. बिननंबराची गाडी मात्र चालवू नका. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना सुरक्षा नंबर प्लेट लागूनच ताबा मिळायला हवा, आणि इलेक्ट्रिक गाडीची ती हिरवी प्लेट लांबूनही लक्षात येते.

हिरव्या प्लेटशी रंग जुळेल का?

हा प्रश्न मला तीन जणींनी विचारलाय आणि तो रास्त आहे. खासगी इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी, तिच्यावर पांढरी अक्षरं. पांढऱ्या, काळ्या, राखाडी गाडीवर ती उठून दिसते. लाल किंवा शेंदरी गाडीवर विरोध तीव्र वाटतो. काहींना आवडतो, माझ्या जावेला अजिबात आवडला नाही. रस्त्यावर त्या रंगाची एखादी गाडी मागून बघा, मगच ठरवा.

किती दिवस थांबावं?

थांबण्यालाही किंमत आहे. जुन्या गाडीचं पेट्रोल रोज जळत असतं. मी तेव्हा रोज तीस किलोमीटर पेट्रोल स्कूटर चालवत होते. महिन्याच्या पेट्रोलचा खर्च आणि नव्या गाडीचं विजेचं बिल यांतला फरक एका कागदावर मांडला आणि तो किती महिने सोसायचा ते घरात बसून ठरवलं. तुम्हीही मांडा. मग ‘दोन महिने, त्यापुढे दुसरा रंग’ असं काहीतरी ठरतं आणि मन शांत होतं.

सबसिडीचीही तारीख बघा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे ५,००० आणि गाडीमागे जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळत होते. १ एप्रिल २०२५ पासून दोन्ही आकडे निम्मे झाले. त्या मार्चमध्ये रंगासाठी अडून बसलेल्यांचं थेट नुकसान झालं. आर्थिक वर्ष संपत आलं असेल तर ‘या महिन्यात बिल झालं तर काय आणि पुढच्या महिन्यात झालं तर काय’, हे दोन आकडे डीलरकडून लिहून घ्या.

मुहूर्ताबद्दल मात्र मी कुणाला मोडता घालणार नाही. पाडव्याला, दसऱ्याला गाडी दारात यावी, हार-कुंकू व्हावं, चाकाखाली लिंबू ठेवावं, यात घराचा आनंद असतो. फक्त त्या मुहूर्ताच्या मागे किमान तीन आठवडे धरून बुकिंग करा, कारण तुमच्यासारख्या शेकडो लोकांना तोच दिवस हवा असतो. रंग आणि मुहूर्त यांतलं एकच मिळणार असेल तर काय निवडायचं हे घरातल्या थोरांना आधी विचारून ठेवा, आयत्या वेळी शोरूममध्ये वाद नको.

माझा रंग फक्त महागड्या मॉडेलमध्ये आहे. वरचं मॉडेल घ्यावं का?

कंपन्या हे जाणूनबुजून करतात. ऑगस्ट २०२१ मध्ये ओलाने स्कूटर आणली तेव्हा ९९,९९९ रुपयांच्या एस-वनला पाच रंग होते आणि १,२९,९९९ च्या एस-वन प्रोला दहा. वरच्या मॉडेलची जास्त रेंज, वेग तुम्हाला खरोखर उपयोगी पडणार असेल तर घ्या आणि रंग सोबत मिळाला म्हणून आनंद माना. निव्वळ रंगासाठी तीस हजार ही मला फार मोठी किंमत वाटते.

‘हा रंग लगेच देतो, वरचे पाच हजार लागतील’ असं सांगितलं तर?

देऊ नका. बिलात न दिसणारा पैसा परत मागता येत नाही. कधी हेच पैसे सीट कव्हर, क्रॅश गार्ड, टेफ्लॉन कोटिंगचं ‘कम्पल्सरी किट’ म्हणून येतात. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा आणि नको ते काढायला सांगा. विमाही त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही.

डिस्प्लेला उभी आहे तीच माझ्या रंगाची आहे. घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, पण तिच्याकडे नवी गाडी म्हणून न बघता ठेवणीतली गाडी म्हणून बघा. सगळ्यात आधी उत्पादनाचा महिना. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. गाडी त्याच्या आधीची नसणार. आरसीवरही उत्पादनाचा महिना-वर्ष येतं, तेव्हा पासिंगआधीच विचारा.

मग बॅटरी. लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिचं नुकसान होतं. शोरूममध्ये गेल्यावर अचानक स्क्रीन चालू करायला सांगा आणि चार्ज किती टक्के आहे ते बघा. शून्याजवळ असेल आणि ‘बरेच दिवस चार्ज नाही केली’ असं उत्तर आलं तर सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीचा लेखी अहवाल मागा. टेस्ट राइडला वापरलेली गाडी असेल तर किलोमीटर बघून दर कमी करून घ्या. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते हे बिलावर लिहून घ्या.

मिळेल ती घेऊन नंतर रंग बदलला तर?

तीन वाटा आहेत. पूर्ण रंगकाम, पॅनेल बदलणं, रॅपिंग (म्हणजे वरून रंगीत चिकट फिल्म चढवणं).

पूर्ण रंगकाम मी सुचवत नाही. धातूच्या पत्र्यावर रंग नीट बसतो, पण बहुतेक स्कूटरची पॅनेलं प्लास्टिकची असतात. त्यांना वेगळा प्रायमर लागतो आणि भट्टीत पत्र्याइतकं तापवता येत नाही. गल्लीतल्या गॅरेजमध्ये हे सांभाळलं गेलं नाही तर वर्षभरात पापुद्रे सुटतात. शिवाय आरसीवर रंगाचा रकाना असतो. गाडीचा रंग एक आणि आरसीवर दुसरा, हे नाक्यावरच्या पोलिसालाही खटकतं आणि विम्याच्या दाव्यातही. रंग बदलला तर आरटीओकडून आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते.

नवी पॅनेलं घ्यायची तर टंचाईत तीच मिळत नाहीत. कारखान्यात गाडीलाच पुरत नाहीत, तिथे सुट्या भागांना कुठून पुरणार?

रॅपिंग त्यातल्या त्यात बरं. काढता येतं, खालचा रंग जपला जातो. पण चार्जिंगच्या झाकणाच्या आणि डिकीच्या कडा नीट गुंडाळल्या गेल्या आहेत का ते बघा, पाणी तिथूनच आत शिरतं. संपूर्ण रंग झाकणार असाल तर आरसीची बाब इथेही लागू होते.

दुसरा रंग निवडायचाच झाला तर कोणता?

तुमच्या गावाची माती बघून निवडा. कोकणात तांबड्या मातीच्या रस्त्यावर पांढऱ्या गाडीचा खालचा भाग पहिल्या पावसातच तपकिरी होतो आणि सांध्यांतला डाग निघता निघत नाही. तिथे विटकरी किंवा गडद राखाडी सुखाची. आमच्याकडे काळी माती आणि उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, त्यात राखाडीवर मळ कमी दिसतो. विदर्भात, मराठवाड्यात उन्हात गाडी उभी करायची वेळ येत असेल तर फिकट रंग घ्या. रंगाचा बॅटरीवर फारसा परिणाम होत नाही, ती फूटबोर्डखाली किंवा सीटखाली झाकलेली असते. पण काळ्या गाडीची पॅनेलं आणि हँडल मे महिन्यात हाताला चटका देतात.

काळ्या चकचकीत रंगाची आणखी एक गोष्ट : कोरड्या फडक्याने रोज पुसली की सहा महिन्यांत उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायला लागतात. आधी पाणी मारून मगच पुसायची. मॅट रंग दिसतो सुंदर, पण ओरखडा पडला तर पॉलिशने जात नाही, उलट तेवढाच भाग चकाकायला लागतो.

आमच्या सासूबाईंचा काळ्याला ठाम नकार होता. ‘अगं, संध्याकाळी अंधारात ट्रकवाल्याला दिसायला नको का तू?’ मला आधी वाटलं त्या शुभ-अशुभाचं बोलताहेत. पण त्यांचं म्हणणं खरं आहे. दिवेलागणीला फिकट आणि भडक रंग लवकर नजरेत येतात, आणि इलेक्ट्रिक गाडीचा आवाज नसतो, त्यामुळे दिसण्यावरच भिस्त.

वेगळा रंग घेतला आणि कंपनीने तो बंद केला तर?

ही भीती खरी आहे. गाडी घासली, पॅनेल फुटलं आणि तो रंग यादीतून गेलेला असेल तर पॅनेल महिनोन्‌महिने येत नाही, किंवा बिनरंगाचं येतं आणि इथे रंगवून घ्यावं लागतं. छटा पूर्ण जुळत नाही. बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जाऊन विचारा : या रंगाचा पुढचा एप्रन आणि डावं-उजवं पॅनेल आत्ता मागवलं तर किती दिवस? शोरूमपेक्षा तिथला माणूस खरं सांगतो.

रंग मिळाला नाही आणि पैसेही परत देत नाहीत. काय करू?

आधी लेखी मागा, ईमेलवर, कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत देऊन. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. यासाठीच दोन्ही बाजूंचा फोटो काढलेली पावती आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवायचे. माझे पैसे एका ईमेलनंतर नऊ दिवसांत परत आले.

नोंदणी न लागणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर आरसी नसते, त्यामुळे रंग बदलण्यावर कागदोपत्री बंधन येत नाही. बाकी सगळं वरच्यासारखंच.

हा तुटवडा पुन्हा येईल का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्याची क्षमता उभी करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. तोवर मधूनमधून टंचाई येत राहील असं मला वाटतं, आणि प्रत्येक वेळी आधी रंग गळतील.

गाडी ताब्यात घेताना रंगाचं काय तपासायचं?

गाडी ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर उन्हात ढकलत आणायला सांगा. सकाळी गेलात तर उत्तम. आधी पाच पावलं मागे उभं राहून एप्रन, बाजूची पॅनेलं आणि मागचा मडगार्ड एकाच छटेचे आहेत का बघा. टंचाईत वेगवेगळ्या बॅचचे भाग एका गाडीला लागण्याची शक्यता असते, धातूच्या आणि मोत्यासारख्या झाकेच्या रंगांत तो फरक उन्हात लगेच कळतो. मग जवळ जाऊन फूटबोर्डच्या कडा, डिकीच्या झाकणाची खालची बाजू, आरशाच्या टोप्या. फोमची शीट काढताना पडलेले ओरखडे बहुधा तिथे असतात. काही दिसलं तर सही करण्याआधी डिलिव्हरी चलनावर लिहा.

सीट उचलून किंवा चेसिसजवळ रंगाच्या कोडचं स्टिकर असेल तर त्याचा फोटो काढा आणि त्याच कोडची टचअपची छोटी बाटली तेव्हाच घ्या. माझ्याकडे ती आहे. डिसेंबरात शाळेच्या फाटकाला डावं पॅनेल घासलं तेव्हा बारीक ब्रशने दोन हात दिले, आणि आता ती जागा मला स्वतःलाच शोधावी लागते.